सही करता येत नसल्याचे सांगितले

वाक्य तसं लहानच होतं, आणि कारकुनाने ते वाचलंही असं की कुणाच्या कानात अडकू नये. आधी नवऱ्या मुलाचं नाव, त्याचं वय, धंदा नावाडी, मग मुलीचं नाव, वय, धंदा शिवणकाम, सही करता येत नसल्याचं तिने सांगितलं, मग, "वधूचे वडील नागरिक एन्यां ब्रुझो, वय एकसष्ट, शिरक्याच्या कारखान्यात मजूर, राहणार ओर्लेआं, समक्ष हजर असून लग्नास त्यांची संमती आहे, आपल्याला सही करता येत नसल्याचे त्यांनी सांगितले." एवढं म्हणून कारकून साक्षीदारांच्या नावांवर गेलासुद्धा. एन्यां मात्र त्या वाक्यापाशीच राहिला. जिन्यात एक पायरी नसावी आणि पाय तिथेच पडावा तसं त्याला झालं. उजव्या हाताची बोटं त्याने नकळत अंगठ्यावर घासली. गेले आठ दिवस तो ही बोटं जपत होता. पिंपातला शिरका काढताना हाताला फडकं गुंडाळत होता, कारण कातडी सोलली की टाक धरवत नाही. कारखान्यातले लोक हसले होते. "काय रे एन्यां, लग्न तुझं आहे की पोरीचं?" आज टेबलापाशी जायचं, टाक घ्यायचा, आणि सगळ्यांसमोर आपलं नाव लिहायचं, ही गोष्ट त्याने कुणालाच सांगितली नव्हती. आणि जी सांगितलीच नाही ती उलटी होऊन वहीत जाऊन बसली होती, त्याच्याच तोंडची म्हणून.

"मी सांगितलं नाही," तो म्हणाला.

कारकुनाने वर पाहिलं. हा नागरिक कोशार, पडसं झालेला, गळ्याला लोकरी फडकं गुंडाळलेला माणूस. "काय?"

"सही येत नाही असं मी सांगितलं नाही. मला येते."

मागे बाकांवर बसलेल्यांत कुजबुज झाली. आज नव्या दहा दिवसांच्या आठवड्यातला दहावा दिवस होता. लग्नं लागायची ती दर दहा दिवसांनी एकदाच, इथेच, या जुन्या चर्चमध्ये. क्रांती झाल्यापासून जुने सात दिवसांचे आठवडे रद्द झाले होते, संतांचे सण रद्द झाले होते, भिंतीवरच्या संतांची डोकी तर सहा वर्षांपूर्वीच, राजाचं उडालं त्याच सुमाराला, हातोड्याने उडवली होती. आज अकरा जोडपी होती. ब्रुझोची मुलगी सोलांज आणि तिचा मातुरां ही पाचवी. हुद्द्याचा पट्टा बांधलेला नगराध्यक्ष खुर्चीत मागे रेलून बसला होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर भुकेची कळा आली होती.

"नागरिक," कोशार म्हणाला, "कागद काल तयार झालेत. दोन प्रतींत. तुम्हाला काही करायचंच नाहीये. नुसतं उभं राहायचं."

नुसतं उभं राहायचं. एन्यांच्या पायांना ते उभं राहणं ओळखीचं होतं. दहा वर्षांपूर्वी, मार्चमध्ये, तो असाच एका चर्चमध्ये उभा होता. तेव्हा ते चर्च होतं, आणि तो नदीकाठच्या एका खेड्यात द्राक्षमळ्यावर कामाला होता. राजाने म्हणे विचारलं होतं की तुमच्या तक्रारी काय आहेत. प्रत्येक गावाने एक वही लिहून पाठवायची. असं कधी कुणी विचारलं नव्हतं, त्यामुळे पहिला अर्धा तास कुणी बोललंच नाही. मग कुणी कबुतरांबद्दल बोललं, जमीनदाराची कबुतरं पेरलेलं खातात म्हणून, आणि सगळेच सुटले. शहरातून आलेला वकील शार्दों टेबलापाशी लिहीत होता. तरुण, गोरापान, घामेजलेला. त्याच्या डोळ्यांत खरंच चमक होती, हे एन्यांला आजही नाकारता येत नाही. एन्यांची पाळी आली तेव्हा तो पुढे झाला, आणि जे घरातही कधी सलग बोलला नव्हता ते बोलला. मिठाचे शिपाई आले. घरात डुकराचं मांस खारवलेलं सापडलं. मीठ सरकारी होतं, त्याचे पैसेही भरले होते, पण ते म्हणे जेवणात घालायचं मीठ होतं, खारवायचं नव्हतं. तेव्हा चोरटं मीठ आणखी असणारच. आई तापाने पडली होती. तिला त्यांनी खाटेवरून खाली काढलं, गादी फाडली, पेंढा सगळीकडे उडवला. फेब्रुवारीचा महिना, खालची जमीन मातीची. ते पिंपं उपसत होते तोवर ती खालीच होती. तिसऱ्या दिवशी ती गेली. गादीत काही नव्हतं. "तिचं नाव पेरीन," तो शेवटी म्हणाला होता. "पेरीन ब्रुझो. लिहिलंत?" आणि वकील मान हलवून म्हणाला होता, "लिहिलं, लिहिलं. फार महत्त्वाचं सांगितलंत तुम्ही." त्याचा टाक चालताना एन्यांने स्वतः पाहिला होता. त्या वळवळणाऱ्या काळ्या रेघेत कुठेतरी आपली आई चालली आहे, राजाकडे, असं त्याला वाटलं होतं.

मग वही मोठ्याने वाचून दाखवली. तो आईची वाट पाहत उभा राहिला. मिठाचं कलम आलं. या गावच्या रहिवाशांची अशी इच्छा आहे की, मिठावरील कर, जो माणसाच्या निसर्गदत्त स्वातंत्र्याला आणि प्रबुद्ध युगाच्या विवेकाला बाधा आणणारा आहे, तो समूळ रद्द व्हावा. पुढचं कलम रस्त्यांचं होतं. त्याला वाटलं, पुढे येईल. रस्त्यांनंतर कबुतरं आली, मग न्यायालयं आली, मग वही संपली. लोक टाळ्या वाजवत होते. ज्यांना येत होती त्यांनी सह्या केल्या, नऊजण होते. आणि खाली वकिलाने लिहिलं, बाकीच्यांना सही करता येत नसल्याचे त्यांनी सांगितले. एन्यां त्या बाकीच्यांत होता. जाताना त्याने वकिलाला गाठलं. "साहेब, आईचं?" शार्दों त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "अहो, तुमचंच तर लिहिलं. फक्त सगळ्यांचं होईल अशा शब्दांत लिहिलं. एका बाईची गोष्ट तिथे कोण वाचणार? तत्त्व वाचतात." तो चांगला माणूस होता. चांगला होता म्हणूनच त्याच्यावर हात उगारता आला नाही.

आणि गंमत अशी की काम झालं. वर्षभरात मिठावरचा कर खरोखरच गेला. लोकांनी मिठाची कोठारं फोडली, शिपायांना नदीत लोटलं, मीठ मातीमोल झालं. गावातले लोक त्याला म्हणायचे, "आता काय राहिलं रे तुझं रडगाणं? मागितलंस ते मिळालं." तो हो म्हणायचा. आणखी काय म्हणणार? मळा विकला गेला, तो शहरात आला, शिरक्याच्या कारखान्यात लागला, बायको वारली, राजा गेला, समित्या आल्या, समित्या गेल्या, आणि प्रत्येक वेळी चौकात कुणीतरी उंच जागी उभं राहून जनतेच्या वतीने बोलत असे, आणि एन्यां खाली उभा राहून ते बोलणं आपल्या अंगाला कुठे लागतं का ते पाहत असे. बोलणं सुरेख असायचं. ते अंगरख्यासारखं होतं, कुणा भल्याथोरल्या माणसाच्या मापाचा. आत एन्यां कुठेच भरत नसे. जिंकून हरल्यासारखं वाटावं, आणि ते कुणाला सांगावं तर आपणच कृतघ्न ठरावं, असली ही चीड होती. ती त्याच्या पोटात शिरक्यावरच्या सायीसारखी धरली होती. जुन्या पिंपात ती जाड, गुळगुळीत साय असते. तिच्यावर नवी दारू ओतली की तीही आंबट होते. गेल्या दहा वर्षांत जे जे नवं आलं ते त्याच्या आत जाऊन असंच आंबत गेलं होतं.

अक्षरं शिकायचं त्याने ठरवलं ते म्हणूनच. शेजारी रादगोंदबाई राहायच्या. पूर्वीच्या जोगीण, मठ बंद झाल्यावर चादरी रफू करून पोट भरणाऱ्या. महिन्याला एक सुरई शिरका, आणि त्या बदल्यात सुट्टीच्या दुपारी दोन तास अक्षरं, असं ठरलं. पुस्तकं मठाबरोबर गेली होती. मोठ्या अक्षरांचं जवळपास एकच होतं, समोरच्या भिंतीला डकवलेला माणसाच्या हक्कांचा जाहीरनामा. त्याचं पहिलंच वाक्य, माणसं जन्माला येतात ती स्वतंत्र. बाई खुर्ची खिडकीशी घेऊन बसायच्या आणि विणकामाच्या सुईने तिकडे दाखवायच्या. "वाच. मला रस्त्यावर काढलं त्यांनी, पण छपाई बघ कशी स्वच्छ आहे." तो चाचरत वाचायचा. त्या म्हणायच्या, "अरे, माणसं जन्माला येतात इथवर यायला तुला तीन आठवडे लागले. स्वतंत्र कधी होणार तू?" पहिल्यांदा स्वतःचं नाव लिहिलं तेव्हा तो छप्पन्न वर्षांचा होता. तो कागद बघून बाई म्हणाल्या, "कोंबडी चालून गेल्यासारखं आहे. पण कोंबडी तुझीच आहे." नाव पुरं लिहायला त्याला अजूनही एक सबंध प्रार्थना म्हणण्याइतका वेळ लागे. जीभ दातांत येई. शेवटच्या अक्षरावर कपाळाला घाम.

"एन्यांबाबा," मातुरां हळूच म्हणाला. त्याच्या अंगाला डांबराचा आणि नदीचा वास येत होता. "राहू द्या ना. एक ओळ तर आहे."

"तुझी सही आहे ना त्यात?"

"आहे. म्हणजे, करणार आहे."

"मग तुला एकच ओळ वाटणार."

मागून कुणीतरी म्हणालं, "अहो आजोबा, आमच्याही बायका उभ्या आहेत." हशा पिकला. नगराध्यक्षाने टेबलावर बोटं वाजवली. "कोशार, काय भानगड आहे? लिहून टाका ना येते म्हणून."

"कसं लिहू, साहेब? खाडाखोड झाली तर ती मान्य असल्याचं समासात लिहावं लागतं, दोन्ही प्रतींत, आणि त्याखाली सगळ्यांची आद्याक्षरं. मुलीला सही येत नाही. म्हणजे तिच्या वतीने पुन्हा वेगळी नोंद. जिल्ह्याहून गेल्या महिन्यात अशी एक वही परत आली. नाहीतर कागद रद्द करायचा, नवा करायचा, पुढच्या दहाव्या दिवशी लग्न."

पुढचा दहावा दिवस. हे शब्द पडले आणि सोलांजने त्याची बाही धरली. नदी उतरायला लागली होती. गेल्या आठवड्यात पुलाच्या तिसऱ्या कमानीखाली वाळू दिसायला लागली होती, आणि मातुरांच्या नावा उद्या सकाळी नांत शहराच्या वाटेला लागायच्या होत्या. उद्या नाही गेल्या तर त्या शरदापर्यंत इथेच वाळूत बसणार होत्या, आणि नावांचा मालक नावाड्याच्या लग्नासाठी थांबणारा नव्हता. मातुरां गेला तर परत कधी येईल ते पाण्यावर. आणि सोलांजला चौथा महिना होता. हे सगळं एन्यांला ठाऊक होतं. ठाऊक असल्यामुळेच त्याचं डोकं जास्त भणभणत होतं. दर वेळी हे असंच कसं होतं? दर वेळी आपली गोष्ट मांडायला जावं तर शेजारी एक मोठी गोष्ट उभी असते, खरोखरच मोठी, आणि आपणच तिच्या वाटेत आलेले असतो.

"पण हे लिहिलं कुणी?" तो कारकुनाला म्हणाला. "माझे हात बघून लिहिलंत ना? शिरकेवाला, याला कुठली सही?"

"मी तुमचे हात आज पहिल्यांदा पाहतोय, नागरिक," कोशार नाक पुसत म्हणाला. त्याला राग आला नव्हता, फक्त कंटाळा आला होता. "काल माहिती द्यायला मुलगी आली होती. मी विचारलं. तिने सांगितलं ते लिहिलं."

सोलांजने बाही सोडली नव्हती. ती वहीकडे बघत होती.

"तू सांगितलंस?"

"हो."

"मला येते हे तुला माहीत आहे."

"माहीत आहे, बाबा." ती इतक्या हळू बोलत होती की त्याला वाकावं लागलं. "मला वाटलं, एवढ्या लोकांसमोर... तुमचा हात थरथरतो. हसले असते."

"हसले तर हसले असते मला."

ती तोंड न वळवता म्हणाली, "आणि माझ्या नावापुढे येत नाही असं लिहून घेतलं त्यांनी. मग तुमचं विचारलं. मी म्हटलं, त्यांनाही नाही." मग, "पाच वर्षं तुम्ही त्या खिडकीत बसत होता. मी खाली हौदावर तुमचे कपडे धूत होते. वरून सगळं ऐकू यायचं. एकदाही हाक मारली नाहीत."

एन्यांला हौदाच्या दगडावर कपडा आपटल्याचा आवाज आठवला. तो दर सुट्टीच्या दुपारी यायचा, धप्प, धप्प, आणि मधेच थांबायचा. थांबायचा तेव्हा रादगोंदबाई एखादं अक्षर मोठ्याने फोडून सांगत असत. मग पुन्हा धप्प. त्याला त्या आवाजाचा त्रास व्हायचा, लक्ष लागायचं नाही म्हणून. एकदा तर त्याने खिडकी लावून घेतली होती. जूनमध्ये. बाई म्हणाल्या होत्या, "गुदमरायला होतंय रे," आणि तो म्हणाला होता, "खाली फार आवाज आहे."

तिला शिकवायचं नाही असं त्याने कधी ठरवलं नव्हतं. ते मनातच आलं नव्हतं. आणि मनात न येणं हेच तर तो त्या वकिलाला दहा वर्षं माफ करू शकला नव्हता.

"करू द्या त्यांना सही," नगराध्यक्ष एकदम म्हणाला. त्याला जेवायला जायचं होतं. "वाक्य आहे तसं राहू दे. खाली सही असली तर जिल्ह्यातून कोण बघायला येतंय? या, नागरिक. आटपा."

कोशारने खांदे उडवले, वही फिरवली, टाक दौतीत बुडवून पुढे केला. मातुरांने आधी सही केली, दोरखंडाच्या वेटोळ्यासारखी एक मोठी शेपटी खाली सोडून. साक्षीदारांनी केल्या. मग टाक एन्यांच्या हातात आला. तो जड असेल असं त्याला उगाच वाटत होतं. तो हलका होता. जागा होती. मातुरांच्या शेपटीच्या उजवीकडे, चार बोटं रुंद, पांढरी. तिच्या वर ओळी होत्या, आणि कोशारचं अक्षर छापल्यासारखं स्वच्छ असल्याने त्याला त्या वाचता येत होत्या. सही करता येत नसल्याचे तिने सांगितले. सही करता येत नसल्याचे त्यांनी सांगितले. एकाखाली एक. त्याने सही केली की दुसरं वाक्य खोटं ठरणार होतं, कायमचं, कुणीही पाहावं असं. पहिलं खरं राहणार होतं. पहिलं एकटंच राहणार होतं.

तिच्याकडे त्याने पाहिलं. ती वहीकडे बघत होती, पण वाचणारा माणूस बघतो तशी नव्हे. नदीपलीकडच्या काठाकडे बघावं तशी बघत होती. असाच तो बघत होता, त्या मार्चमध्ये, वळवळणाऱ्या काळ्या रेघेकडे.

टाकाच्या टोकाशी शाईचा थेंब जमला. मागे कुणीतरी खोकलं. हात थरथरत होता, ती म्हणाली होती तसाच. त्याला कळेना की आपण थांबलो आहोत ते तिच्यासाठी, की एवढी माणसं पाठीशी असताना पहिलं अक्षरच आठवत नाहीये म्हणून. दोन्ही असावं. दोन्हीतलं कुठलं आधी होतं हे पुढेही त्याला कधी ठरवता आलं नाही. थेंब अंगठ्यावर ओघळला. त्याने टाक दौतीशेजारी आडवा ठेवला.

"नाही," तो म्हणाला. "बरोबर लिहिलंय. येत नाही."

"मग एवढा वेळ काय चाललं होतं?" कोशार म्हणाला. हशा झाला, या वेळी मनापासून, अगदी नगराध्यक्षही हसला. त्याने उभं राहून कायद्याच्या नावाने दोघांना एक केलं आणि सहाव्या जोडप्याला हाक मारली. सोलांजने बापाकडे बघितलं. त्या बघण्यात काय होतं ते एन्यांला लावता आलं नाही. आभार तर नव्हतेच. थोडा रागच असावा, की आता हेही माझ्या खात्यात घातलंत.

रादगोंदबाई बाहेर पायऱ्यांवर उभ्या होत्या. डोकी उडवलेल्या संतांच्या घरात त्या पाऊल टाकत नसत. नवरानवरी समोरून गेली, पोरापोरींनी त्यांना घेरलं, कुणीतरी बासरी काढली. एन्यां मागून उतरला.

"केलीस?" बाईंनी विचारलं.

त्याने हात वर केला. अंगठ्यावर शाई पसरली होती, नखाच्या कडेने आत शिरली होती.

"सांडलीसच," त्या म्हणाल्या. "कितीदा सांगितलं, टाक कमी बुडव." पण त्यांचा चेहरा उजळला होता, आणि त्यांनी तोंड फिरवलं. पाच वर्षांत त्याने त्यांना असं तोंड फिरवताना पाहिलं नव्हतं. सांगायला हवं होतं. त्याने तोंड उघडलंही. पण ती गोष्ट कुठून धरून सांगावी, कुणाची म्हणून सांगावी, तेच त्याला कळेना. आणि तेवढ्यात बाई मिरवणुकीच्या दिशेने चालू लागल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी नावा गेल्यावर तो कारखान्यात आला. सकाळचं काम ठरलेलं होतं. ओळीने आडवी ठेवलेली पिंपं, प्रत्येकातून तिसरा हिस्सा काढायचा, साय मोडू न देता नवी दारू ओतायची. शिरक्याने सगळं जातं. गंज जातो, रंग जातो, शाई तर दोन पिंपांत. हाताला फडकं बांधायचं कारण आता उरलं नव्हतं. त्याने बाही सारली आणि उजव्या हाताची बोटं आत घातली. अंगठा मात्र काठावर बाहेर ठेवला. तसं काम नीट होत नव्हतं. शेजारचा गडी दोनदा म्हणाला, "अरे, पूर्ण हात घाल की." तो हो म्हणाला, आणि दुपारपर्यंत त्याने सगळी ओळ तशीच अवघडत, अंगठा वर धरून संपवली.